जुगाराचे व्यसन आणि घरचे कर्ज: आधी काय करायचे, शेवटी काय करायचे

घरात जुगार उघडकीला आला की बहुतेक कुटुंबे एकाच वाटेने जातात. आधी भांडण आणि रडारड, मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, मग दागिने मोडून किंवा एफडी तोडून सगळे कर्ज एका दमात साफ. डॉक्टरची आठवण झालीच तर तिसऱ्या-चौथ्या वेळी होते. काही महिन्यांत कर्ज पुन्हा उभे राहते आणि घरचे हताश होऊन म्हणतात, "एवढं करूनही हा सुधारला नाही."

केले ते मायेपोटीच, पण क्रम उलटा होता. कर्ज फिटले की डोक्यावरचा दाब जातो, बाजारात पत परत येते, उधारी पुन्हा मिळू लागते. खेळायची ओढ मात्र होती तशीच राहते. म्हणून या लेखात कर्जफेड सातव्या पायरीवर ठेवली आहे. ती वर ओढू नका.

लेख घरच्यांसाठी लिहिला आहे. तुम्ही स्वतः खेळत असाल तरी पायऱ्या याच आहेत. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला हा लेख वाचायला द्या आणि तिसऱ्या पायरीची सुरुवात तुम्ही करा.

## १. हे व्यसन आहे का, याची खात्री करा

पडताळणीसाठी जगभर वापरले जाणारे दोन साधे प्रश्न आहेत. अधिकाधिक पैसे लावावेत असे कधी वाटत गेले का? आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचे जरी उत्तर "हो" आले, तर तपासणी करून घ्यायला हवी. हे निदान नव्हे. ते मानसोपचारतज्ज्ञ करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात जुगाराचा विकार स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. त्याची खूण तीन गोष्टींत दिसते: खेळणे हाताबाहेर जाते, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, आणि नुकसान समोर दिसत असूनही तो सुटत नाही.

किती हरला यावरून व्यसन ठरवू नका. पाच हजार हरलेला माणूस व्यसनी असू शकतो आणि पन्नास हजार हरलेला नसूही शकतो. खरी खूण म्हणजे "लॉस काढायचाय" हे वाक्य. हरलेले परत मिळवण्यासाठी माणूस दुसऱ्याच दिवशी मोठी रक्कम लावू लागला, की खेळ करमणुकीचा राहिलेला नसतो.

कुठे बघायचे, यातही चूक होते. मटक्याचा आकडा किंवा तीन पत्ती घरच्यांना ओळखू येते. फोनवरची "आयडी" (सट्टा लावायला बुकीने दिलेले लॉगिन), क्रिकेटमधले सेशन (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरची पैज) आणि टेलिग्रामवरच्या टिपा नजरेतून सुटतात. शेअर बाजाराचे नाव घेतले की तर संशयच येत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत) उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले. प्रत्येक ऑप्शन खेळणारा व्यसनी नसतो. पण एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या दिवशी कर्ज काढून पैसे लावणारा, तोटा लपवणारा आणि बाजार बंद झाल्यावर कुणाशी नीट न बोलणारा माणूस घरात असेल, तर वरचे दोन प्रश्न त्यालाही विचारा. खेळणारी बाई असू शकते, हेही लक्षात ठेवा. बायकांचे खेळणे अधिक उशिरा बाहेर येते, कारण संशय त्यांच्याकडे वळतच नाही.

तपासा: पार्किन्सनसाठी किंवा पाय अस्वस्थ होण्याच्या त्रासासाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू आहे का? मानसिक आजारासाठी ॲरिपिप्राझोल? या औषधांमुळे काही जणांना जुगाराची ओढ अचानक लागते. गोळी सुरू झाल्यानंतर खेळणे सुरू झाले असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी मनाने बंद करू नका.

## २. त्याच दिवशी: जीव सांभाळा

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. जुगाराच्या कर्जात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि बिंग फुटल्यानंतरचे पहिले काही दिवस फार नाजूक असतात. त्या दिवसांत माणसाला एकटे सोडू नका. "तोंड दाखवू नकोस" म्हणून घराबाहेर काढू नका.

सरळ विचारा. आई विचारू शकते, "अरे, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का? खरं सांग, मी रागावणार नाही." विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आले किंवा तो नुसता गप्प राहिला, तर घरातली कीटकनाशके, झोपेच्या गोळ्या आणि शेतावरच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. घरच्यांनीही फोन केला तर चालतो. काही घेतले असेल किंवा इजा करून घेतली असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरले जाते आणि उलट सिद्ध झाले नाही तर त्याला शिक्षा होत नाही.

थांबा: ही पायरी नीट झाल्याशिवाय पैशाचा विषय काढू नका.

## ३. बोलायला बसा, पण चौकशी आयोग नको

एका वेळी एक किंवा दोनच माणसे बसा. मामा, काका, सासरे आणि सोसायटीचे अध्यक्ष अशी बैठक भरवली की माणूस लाजेने अर्धे लपवतो आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. तो हरून नुकताच उठलाय, किंवा प्यायलेला आहे, अशी वेळ टाळा.

सुरुवात साधी असावी. बायको म्हणू शकते: "अहो, मी भांडायला बसलेली नाही. आज काही फेडायचं ठरवायचं नाही. फक्त कुणाचं किती, ते लिहून घेऊ." पहिल्यांदा सांगितलेला आकडा सहसा अपुरा असतो. आठ दिवसांनी पुन्हा विचारा. आकडा वाढला तर "म्हणजे तेव्हा खोटं बोललात!" असे म्हणू नका, नाहीतर उरलेले कधीच बाहेर येणार नाही.

शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडली की लाज वाढते आणि ती लाज विसरायला माणूस पुन्हा खेळतो. शपथेऐवजी एकच गोष्ट मागा: पुढचे तीन महिने पैशाचे व्यवहार घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. हे दोघांनी कागदावर लिहून, तारीख घालून सही करा. फोनचा पासवर्ड चोरून काढणे किंवा त्याच्या नावावरचे पैसे त्याला न कळवता वळवणे यापासून लांब राहा. संमतीशिवाय केलेला बंदोबस्त आठवडाभरही टिकत नाही.

## ४. पैशाच्या वाटा बंद करा

"ॲप काढून टाकलंय" हा पुरावा नाही. पाच मिनिटांत ते पुन्हा बसवता येते. ओढ अनावर झाली असता मध्ये अडथळे यावेत, एवढाच या पायरीचा हेतू. ओढीची लाट बहुधा थोड्या वेळात ओसरते आणि तेवढा वेळ हातात पैसा नसला की काम होते.

पगारापासून सुरू करा. पगार जमा होईल त्याच दिवशी घरखर्चाची रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जावी, अशी सूचना बँकेला द्या. बचत दोघांच्या सहीने चालणाऱ्या संयुक्त खात्यात ठेवा. "दोघांपैकी कुणीही" हा पर्याय निवडू नका. दोघांच्या सहीच्या खात्याला सहसा यूपीआय आणि एटीएम मिळत नाही, आणि इथे आपल्याला तेच हवे आहे. डेबिट-क्रेडिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, मर्यादाही खाली आणता येते. क्रेडिट कार्ड बंद करणे सर्वांत बरे. बँकेच्या ॲपवर दिसणारे "प्री-अप्रूव्ह्ड" म्हणजे आधीच मंजूर असलेले कर्ज विसरू नका. शाखेत लेखी अर्ज देऊन तो पर्याय काढायला सांगा.

यानंतर घरच्यांच्या सहज लक्षात न येणाऱ्या वाटा: ऑनलाइन मोडता येणारी एफडी, पीएफचा ॲडव्हान्स, विमा पॉलिसीवरचे कर्ज, सोनेतारण, भिशी, ऑफिसमधली उचल. लॉकर स्वतः उघडून बघा. दागिन्यांचा डबा जागेवर असतो आणि आतले दागिने तारण गेलेले असतात, असे घडते.

डीमॅट-ट्रेडिंग असेल तर ब्रोकरला सांगून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घ्या. सेबीच्या नियमानुसार जुलै २०२४ पासून ट्रेडिंग खाते स्वतःहून गोठवण्याची सोयही ब्रोकरने द्यायची आहे. फोनवर बेटब्लॉकर हे मोफत ॲप टाकता येते. ते जुगाराच्या असंख्य साइट अडवते आणि किती काळासाठी अडवायच्या हे आपण ठरवू शकतो.

आता एक मोठा गैरसमज. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. "आता ॲपच बंद झालं, सुटलो" असे अनेक घरांना वाटले. पण ज्याला व्यसन आहे तो परदेशी साइटवर किंवा व्हॉट्सॲपवरून मिळणाऱ्या आयडीवर जातो. तिथे पैसे भरायला दर वेळी कुणा वेगळ्याच माणसाचे बँक खाते दिले जाते, म्हणून बँकेला तो व्यवहार जुगाराचा आहे हे कळतही नाही.

सावधान: अशा साइटवरून "जिंकलेले" पैसे खात्यात आले आणि ते सायबर फसवणुकीतले निघाले, तर खाते गोठवले जाऊ शकते. "खातं वापरायला दे, कमिशन देतो" असे कुणी म्हणत असेल तर तिथेच नकार द्या. तसे खाते दिलेला माणूस फसवणुकीच्या गुन्ह्यात ओढला जातो.

खिशात मात्र रोजच्या खर्चापुरते रोख पैसे असू द्या. चहाला दहा रुपये मागायला लागणे हा अपमान आहे, आणि त्या अपमानातून तो चोरून उधारी करायला लागेल.

## ५. कर्जाची यादी करा, फेडायला धावू नका

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट अहवाल मोफत देतात. चारही काढा. एकात न दिसलेले कर्ज दुसऱ्यात सापडते. बँका, फायनान्स कंपन्या आणि नोंदणीकृत कर्ज ॲप त्यातून समोर येतात. सावकार, हातउसने, भिशी आणि बुकी त्यात दिसत नाहीत. ते त्याच्याकडूनच काढून घ्यावे लागतात.

वहीत प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी लिहा: मुद्दल, व्याज, काय गहाण आहे, जामीन कोण, आणि धमकी आली आहे का. सह्या केलेले कोरे धनादेश किंवा स्टॅम्पपेपर कुणाकडे आहेत, हे वेगळे विचारा. चेकबुकातले सलग क्रमांक तपासा. न सांगितलेली पाने तिथे कळतात.

शेती असेल तर सातबारा नव्याने काढून "इतर हक्क" या रकान्यात बोजा चढलाय का ते बघा. सावकार पुष्कळदा तारण म्हणून थेट खरेदीखतच करून घेतो आणि "पैसे दिले की उलटवून देतो" असे तोंडी सांगतो. असे काही झाले असेल तर गप्प बसू नका, सातव्या पायरीत मार्ग आहे.

## ६. डॉक्टरकडे जा

पहिल्या पाच पायऱ्यांना जेमतेम आठवडा लागावा. यादी पूर्ण झाली नाही म्हणून डॉक्टरची भेट लांबवू नका.

कुठे जायचे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. मुंबईत केईएम, सायन आणि नायर, पुण्यात ससून; ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊ शकते. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फोन, इंटरनेट आणि ऑनलाइन खेळांच्या व्यसनासाठी शट क्लिनिक चालते. जवळचे काहीच सुचत नसेल तर १४४१६ वर विचारा. दारूचे व्यसनमुक्ती केंद्र जवळ असेल तर आधी फोन करून जुगाराचे रुग्ण घेतात का ते विचारा. सगळीकडे घेत नाहीत. केंद्र मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हेही बघा. गाडीत घालून उचलून नेणाऱ्या केंद्रांना थारा देऊ नका, आणि जेवणातून न सांगता द्यायच्या चूर्णावर पैसे घालवू नका.

पहिल्या भेटीला घरातले एक माणूस बरोबर जा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: केव्हापासून, काय खेळतो, आठवड्यातून किती वेळा, दारू-तंबाखू, झोप, आधीचे मानसिक आजार आणि चालू औषधे. नैराश्य आणि दारू जुगाराबरोबर वारंवार आढळतात. त्यांच्यावर उपचार झाला नाही तर जुगारही सुटत नाही. उपचाराचा गाभा म्हणजे समुपदेशन, विशेषतः विचार आणि वागणे बदलण्याची पद्धत. त्यात "आता माझीच वेळ आहे", "थोडक्यात हुकलं" हे विचार पकडायला शिकवतात. काही जणांची ओढ कमी करायला डॉक्टर नालट्रेक्सोनसारखे औषधही देतात. दोन भेटींत फरक पडला नाही म्हणून सोडू नका. हे काम महिन्यांचे आहे.

मटका किंवा सट्टा बेकायदा आहे, मग डॉक्टर पोलिसांना कळवतील का, ही भीती पुष्कळांना असते. उपचाराची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. व्यसनाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस या जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या ऑनलाइन सभा मोफत असतात. घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन हा वेगळा गट आहे, आणि तो घरच्यांनी खरोखर वापरावा. परदेशातल्या मराठी घरांसाठी: ब्रिटनमध्ये ०८०८ ८०२० १३३ ही हेल्पलाइन आहे आणि गॅमस्टॉपवर नाव नोंदवले की तिथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन साइट बंद होतात. ऑस्ट्रेलियात १८०० ८५८ ८५८ ही हेल्पलाइन आणि नाव नोंदवायची तशीच बेटस्टॉप ही सोय आहे. तिथे शिकायला गेलेला मुलगा फीचे पैसे दुसऱ्यांदा मागत असेल तर पाठवण्याआधी कॉलेजकडे फी भरल्याची पावती मागा.

## ७. आता कर्ज

तपासा: पैशाच्या वाटा बंद आहेत का? तो डॉक्टरकडे निदान दोनदा गेलाय का? यादी दुसऱ्यांदा विचारून झाली का? तीनही "हो" असतील तरच पुढे वाचा. अपवाद एकच: कुणाकडून जिवाला धोका असेल तर ११२ वर फोन करा आणि लगेच वकील गाठा.

आधी घरभाडे, किराणा, वीज, मुलांची फी. मग बँका आणि फायनान्स कंपन्या. त्यांना स्वतःहून लेखी पत्र द्या आणि हप्ता लांबवून मागा. "सेटलमेंट"चा, म्हणजे थोडी रक्कम घेऊन कर्ज मिटवण्याचा पर्याय देतील, पण त्याची नोंद क्रेडिट अहवालात राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते, हे समजून सही करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. कर्ज ॲपवाले फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायची धमकी देत असतील तर स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. बेकायदा सावकारीत बळकावलेली मालमत्ता परत देण्याची तरतूद या कायद्यात आहे. वर सांगितलेल्या खरेदीखताच्या प्रकरणात हाच मार्ग.

बुकीची उधारी वेगळी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेली रक्कम वसूल करायला कोर्टात दावा चालत नाही. त्यामुळे "कोर्टात खेचतो" या धमकीने दागिने मोडू नका. मात्र त्याच्याकडे कोरा धनादेश असेल आणि तो वटला नाही म्हणून नोटीस आली, तर ती फेकून देऊ नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत महत्त्वाची असते, त्या आत वकिलाकडून उत्तर द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत आहे, फोन १५१००. स्त्रियांना ही मदत उत्पन्न कितीही असले तरी मोफत मिळते.

फेडायचे कुणी? त्यानेच, त्याच्या कमाईतून, दरमहा ठरलेल्या छोट्या रकमेने. पैसे देणाऱ्याच्या खात्यात थेट घरच्या माणसाने भरायचे. त्याच्या हातात रक्कम देऊन "जा, फेडून ये" म्हणणे ही नेहमीची आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नवा जामीन कुणी राहू नका. सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या वैयक्तिक कर्जाची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. एजंट काहीही म्हणो. म्हाताऱ्या आईवडिलांनी राहते घर विकू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

## ८. पुन्हा खेळला तर

असे होऊ शकते, म्हणून तयारी आधीच ठेवा. धोक्याचे दिवस कॅलेंडरवर लिहा: पगाराचा दिवस, आयपीएलचे दोन महिने, बोनस, पीक विकून पैसे आले तो आठवडा, गणपतीच्या जागरणातले पत्ते. त्या दिवसांत डॉक्टरची भेट आधीच ठरवून घ्या आणि संध्याकाळ मोकळी राहू देऊ नका. मोठा विजय झाला म्हणून घरी आनंद साजरा करू नका. जिंकणे हे हरण्याइतकेच धोक्याचे असते.

पुन्हा खेळल्याचे कळले तर त्याच दिवशी तीन कामे करा. दुसरी पायरी पुन्हा करा, म्हणजे जिवाचे सरळ विचारा. पैसे कोणत्या वाटेने गेले ते शोधून ती वाट बंद करा. आणि पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. नवी उधारी वहीत शेवटच्या ओळीवर लिहा. जुनी फिटत आली तरी नवी आधी फेडू नका.